आईच्या गुडघ्यांसाठी ॲक्युपंक्चर घ्यावं का? अनुभव असणाऱ्यांनी प्लीज सांगा

मिरजेची_अनु

नमस्कार मंडळी, विषय जुनाच आहे, गुडघे. आई ६८ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय, उजवा जास्त. एक्स-रे बघून ऑर्थोवाले म्हणाले ग्रेड ३ आहे, ऑपरेशन आजच करा असं नाही पण कधीतरी लागेल, आणि आईसमोर ऑपरेशनचा नुसता विषय काढला तरी तिचं बीपी वाढतं. इतके दिवस दुखलं की पेनकिलर असं चाललं होतं, आम्हाला न सांगता कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून परस्पर स्ट्रिप आणायची हेही नंतर कळलं, आणि गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीवर ताण. फिजिशियननी पेनकिलर एकदम बंद करायला लावल्या, आता फक्त पॅरासिटामॉल आणि वरून चोळायचं जेल, तेही बेताने. झालं असं की आता दिवसा कशीबशी निभावते पण जिना उतरताना आणि खाली बसून उठताना अक्षरशः रडकुंडीला येते.

मामी म्हणाली सुया घे, माझ्या जावेला फरक पडला. म्हणून एका सेंटरला जाऊन आलो. त्यांनी जीभ बघितली, दोन्ही हातांची नाडी बघितली, छान बोलले, आईला तर देवमाणूसच वाटले. पण मग सांगितलं की ३० सिटिंगचं पॅकेज आहे, पैसे आधी भरायचे, गुडघ्यात नवीन कुर्चा तयार होईल आणि शुगर-बीपीच्या गोळ्या पण हळूहळू सोडवू. इथे मी जरा सावध झाले. आईला शुगर आहे, इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) पण चालू आहे.

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही हो, पण ह्या विषयावर कुणाला विचारावं तर एक जण म्हणतो थोतांड आहे आणि दुसरा म्हणतो चमत्कार आहे. कुणी स्वतः किंवा घरच्यांनी दुखण्यासाठी सुया घेतल्या असतील तर प्लीज सांगा, दुखतं का, किती फरक पडतो, टिकतो का, आणि शुगर-इकोस्प्रिनवाल्यांना चालतं का.

---

भाग्यश्री_डोंबिवली

अनु, गुडघ्याचं माहीत नाही पण मानेसाठी आणि डोकेदुखीसाठी मी घेतलंय म्हणून लिहिते. माझी अर्धशिशी जुनी, महिन्यातले कितीतरी दिवस वाया जायचे, लोकलमध्ये उभं राहून मान आखडायची ते वेगळंच.

दुखतं का तर नाही, जवळपास नाही. इंजेक्शन डोक्यात ठेवून जाऊ नकोस. ह्या सुया आतून भरीव असतात, पाव मिलिमीटर जाडीच्या, इंजेक्शनच्या नेहमीच्या सुईच्या निम्म्याहून बारीक. एक छोटी प्लास्टिकची नळी त्वचेवर टेकवतात, त्यात सुई, आणि वरून बोटाने टिचकी. टिचकीच कळते. खरी गंमत नंतर, सुई जरा आत सरकवून फिरवली की तिथे आतून कुणीतरी ओलं फडकं पिळतंय असं वाटतं, जड जड. माझी मॅडम म्हणायची हेच पाहिजे, असं वाटलं की मला सांग. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या बेचक्यात घालायच्या तेव्हा तर ते जडपण मनगटापर्यंत चढायचं. मग वीस-पंचवीस मिनिटं तसंच पडून राहायचं, मी तर घोरायचे.

फरक पडला. डोकं दुखायचे दिवस कमी झाले, गोळ्या कमी लागल्या. पण गेलं का, तर नाही. काही महिने बरं जातं, मग परत जायला लागतं. आणि त्याच काळात मी रात्री एकपर्यंत फोन बघायचं बंद केलं होतं, त्यामुळे श्रेय कुणाला किती हे मला सांगता येणार नाही.

गोळ्या सोडवू म्हणणाऱ्याकडे मात्र मी गेले नसते. माझ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळ्या गोळ्यांची यादी लिहून घेतली आणि म्हणाल्या ह्यातल्या एकालाही हात लावायचा नाही.

---

पेठेतला_शंकासुर

सगळ्यांना फरक पडतो, माझ्या काकांना साबुदाण्याच्या गोळ्यांनी पण पडतो. झीज झालेल्या गुडघ्याचं दुखणं मुळात वर-खाली होत असतं. माणूस सुया घ्यायला कधी जातो, तर दुखणं अगदी टोकाला गेलं की. टोकावरून ते तसंही खालीच येणार, आणि नाव सुईचं होणार.

बरं, हे नुसतं माझं मत नाही. जर्मनीत कंबरदुखीवर मोठी चाचणी झाली, ११६२ पेशंट, २००७ साली निकाल छापून आला. तीन गट केले. एकाला खऱ्या सुया खऱ्या बिंदूंवर, म्हणजे ॲक्युपंक्चरमध्ये ठरवून दिलेल्या जागांवर, दुसऱ्याला खोट्या, म्हणजे बिंदू सोडून भलतीकडे आणि अगदी वरवर टोचलेल्या, आणि तिसऱ्याला नेहमीची ट्रीटमेंट, गोळ्या-व्यायाम वगैरे. सहा महिन्यांनी खऱ्या सुयावाल्यांत ४७.६ टक्के लोकांना बरं वाटलं आणि खोट्यावाल्यांत ४४.२ टक्के. म्हणजे बिंदू, मेरिडियन (बिंदू जोडणाऱ्या मानीव वाहिन्या), ची (त्यांतून वाहणारी म्हणे ऊर्जा), यिन-यांग, जीभ, बारा नाड्या, सगळा अभ्यास करून वर मिळाले काय तर तीन टक्के, आणि तेवढा फरक योगायोगानेही पडतो.

आणि ते 'चीनमध्ये नुसत्या सुया लावून ऑपरेशन करतात' हे जे फॉरवर्ड फिरतं त्याचं मूळ सांगतो. १९७१ साली जेम्स रेस्टन नावाच्या अमेरिकन पत्रकाराचं पेकिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, ते साध्या भुलीच्या इंजेक्शनवर झालं. सुया नंतर लावल्या, पोट फुगून अस्वस्थ वाटत होतं म्हणून. त्याने पेपरात लिहिलं, पुढच्या वर्षी निक्सन चीनला गेले, आणि अमेरिकेत लाट आली. तेव्हापासून लोक ऑपरेशन आणि सुया एकत्र करून सांगतायत.

अनुताई, ३० सिटिंगच्या पैशात आईला एक चांगला कमोड आणि वर्षभराचा फिजिओ येईल.

---

नेकारकाठचा_मिलिंद

शंकासुरराव, आकडे बरोबर दिलेत पण तिसरा गिळलात की. तिसऱ्या गटाला, म्हणजे गोळ्या-व्यायामवाल्यांना, किती जणांना बरं वाटलं? २७.४ टक्के. खऱ्या असोत की खोट्या, सुया घेतलेले जवळपास दुप्पट सुधारले. आता ह्याचा अर्थ काय लावायचा ह्यावर इथे जर्मनीत वर्षानुवर्षं वाद चालू आहे. तुम्ही म्हणता बिंदूंना अर्थ नाही, मान्य, बहुतेक नाहीच. पण पेशंटला बरं वाटतंय हे पण त्याच कागदावर लिहिलंय.

मी स्टुटगार्टला असतो म्हणून इथलं सांगतो. त्या सगळ्या चाचण्या झाल्यावर २००७ पासून इथल्या सरकारी आरोग्य विम्यात ॲक्युपंक्चर आलं, पण फक्त दोनच दुखण्यांसाठी, जुनी कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज. तेही दुखणं सहा महिन्यांहून जुनं पाहिजे, आणि सुया टोचणारा एमबीबीएससारखा रीतसर डॉक्टर असून त्याने वरचं ट्रेनिंग घेतलेलं पाहिजे. साधारण दहा सिटिंगपर्यंत देतात, फार झालं तर पंधरा. डोकेदुखी, मान, खांदा, काहीही असलं तर स्वतःच्या खिशातून.

सासूबाई इकडे सहा महिने होत्या तेव्हा त्यांच्या गुडघ्याला शेजारच्याच डॉक्टरकडे घेतलं (विमा नव्हता, रोख दिले). गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही बाजूंना जे खळगे असतात तिथे दोन सुया, एक नडगीच्या बाहेरच्या अंगाला वाटीपासून चार बोटं खाली, एक मागे. त्यातल्या दोन सुयांना छोटे चिमटे लावून मशीन जोडायचा, मग पोटरीचा स्नायू टक टक उडायचा आणि सासूबाई हसायच्या. महिनाभर छान चालल्या, एकट्या बसने बाजारात गेल्या. पुण्याला परत गेल्यावर दिवाळीपर्यंत पुन्हा पहिल्यासारखं.

आणि हे एकट्या सासूबाईंचं नाही. गुडघ्यावरचीच एक जर्मन चाचणी २००५ ला 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आली होती, जवळपास ३०० पेशंट. आठ आठवड्यांनी सुयावाले स्पष्ट पुढे होते, वर्षाने बघितलं तर खोट्या सुयावाल्यांत आणि त्यांच्यात फारसा फरक उरला नव्हता. म्हणजे अनु, तुझ्या 'टिकतो का'चं उत्तर बहुतेक हेच आहे.

---

पेठेतला_शंकासुर

तिसरा आकडा जाणूनबुजून नव्हता गाळला, पण ठीक आहे, मुद्दा मान्य. तरी एक सांगा, तिसऱ्या गटातले लोक आधीच गोळ्या-व्यायाम करून कंटाळलेले होते, त्यांना परत तेच दिलं. नवीन काही मिळालेल्याला उत्साह येणार आणि शिळं मिळालेल्याला नाही येणार, ह्यात सुईचा काय पराक्रम?

---

नेकारकाठचा_मिलिंद

असेलही. पण ज्या बाईला पेनकिलर चालत नाही आणि ऑपरेशन नको आहे तिला दोन महिने बरे गेले तर ते उत्साहाने गेले की सुईने ह्याच्याशी तिला काय करायचंय? फक्त त्यासाठी ३० सिटिंगचे पैसे आधी भरू नयेत एवढंच.

---

फिजिओ_कोल्हापूर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बारा-चौदा वर्षं गुडघेच बघतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर मधलं सोडा.

पहिलं, कुर्चा. सुयांनी नवीन कुर्चा येत नाही. मालिशने येत नाही, गोळ्यांनी येत नाही, लाल तेलाने येत नाही. जो येते म्हणतो त्याला एवढंच विचारा की आधीचा आणि नंतरचा एमआरआय दाखवा. सुयांनी जे होतं ते दुखण्याच्या बाजूने होतं. सुई टोचल्यावर मज्जारज्जूत आणि मेंदूत शरीराची स्वतःची वेदनाशामकं सुटतात, एंडॉर्फिन वगैरे. हे प्राण्यांवर आणि माणसांवर तपासलेलं आहे, नॅलोक्सोन नावाचं औषध, जे मॉर्फिनचा परिणाम उतरवतं, ते दिलं की काही प्रयोगांत सुयांनी आलेला आरामही उतरला. म्हणजे शरीरात काही होतंय, सगळा मनाचा खेळ नाही. पण हे बिंदू सोडून टोचलं तरी थोडंफार होतं, म्हणून तर खोट्या सुया पण काम करताना दिसतात. शंकासुर आणि मिलिंद दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे असं मी म्हटलं तर दोघं मिळून मला मारतील.

दुसरं, मोठे लोक काय म्हणतात. इंग्लंडची नाइस नावाची संस्था सरकारी दवाखान्यांसाठी नियम काढते, त्यांनी २०२२ ला स्पष्ट लिहिलं की गुडघ्याच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका. कंबरेसाठी तर २००९ ला द्या म्हणाले आणि २०१६ ला देऊ नका म्हणाले. अर्धशिशी आणि ताणाच्या डोकेदुखीसाठी मात्र विचार करा म्हणतात, भाग्यश्रीताईंचा अनुभव त्याला धरून आहे. आणि अमेरिकेतल्या सांधेतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी घेऊन बघायला हरकत नाही, अशा थाटाची शिफारस केलीय. तेच सगळे कागद वाचून दोन देशांनी दोन निष्कर्ष काढले, तर मिरजेतल्या दोन डॉक्टरांचं काय घेऊन बसलात.

तिसरं, आणि माझ्या मते हेच मुख्य. अनुताई, तुम्ही आईंच्या मांडीचा घेर बघितलाय का? म्हणजे दुखऱ्या पायाची मांडी दुसऱ्यापेक्षा बारीक दिसतेय का? दुखतं म्हणून पाय वापरत नाहीत, वापरत नाहीत म्हणून मांडीचा पुढचा स्नायू सुकतो, तो सुकला की सगळा भार सांध्यावर, मग अजून दुखतं. ह्या चक्रात सुया कुठे बसतात तर दुखणं थोडं खाली आणून व्यायामाला जागा करून देण्यात. माझ्याकडे जे लोक सुया घेऊन फक्त पलंगावर पडून राहिले ते काही महिन्यांनी परत आले. ज्यांनी त्या आरामाच्या काळात रोज पाय उचलले ते टिकले.

घरी आजपासून करता येईल असं सांगतो. पलंगावर पाय लांब करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबून गुंडाळी चेपायची, पाच मोजेपर्यंत दाबून ठेवायचं, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. ते जमलं की झोपून दुखऱ्या पायाचा गुडघा ताठ ठेवून वीतभर वर उचलायचा, दुसरा पाय दुमडलेला. श्वास रोखायचा नाही, बीपी आहे म्हणून मुद्दाम सांगतो. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय, कठडा धरूनच. काठी घ्यायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, आपल्याकडे ९० टक्के लोक उलट्या हातात धरतात (हा टक्का माझ्या डोळ्यांचा, कुठल्या अभ्यासाचा नाही). खाली मांडी घालून पूजा बंद, स्टुलावर बसून करायची, देव रागवत नाहीत. आणि वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने उतरतो, हे मोजून बघितलेलं आहे.

ड्राय नीडलिंग म्हणून आम्ही फिजिओ लोक पण सुई वापरतो, सुई तीच, फक्त आम्ही स्नायूतल्या गाठीत घालतो, मेरिडियन वगैरे बघत नाही. कुणी त्याचे दुप्पट पैसे मागत असेल तर देऊ नका.

---

सोलापूरची_शेंगाचटणी

थोडं विषयांतर पण राहवत नाही. आमच्याकडे सगळे छाती फुगवून सांगतात की ॲक्युपंक्चर भारतात डॉ. कोटणीसांनी आणलं. आमच्या गल्लीतल्या एका सेंटरमध्ये तर त्यांचा फोटो हार घालून लावलाय. कोटणीस सोलापूरचेच, १९३८ ला काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांत होते, जपानविरुद्धच्या लढाईत जखमी सैनिकांची ऑपरेशनं करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेले, अवघे ३२ वर्षांचे. ते सर्जन होते, आणि परत आलेच नाहीत तर आणणार काय. आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजोयकुमार बसूंनी. ते १९५० च्या दशकाच्या शेवटी परत चीनला गेले, तिथे शिकले आणि कलकत्त्यात येऊन सुरू केलं. पाचांतले आणखी एक डॉ. चोळकर नागपूरचे, त्यांचं तर नावही कुणाला आठवत नाही.

आता कामाचं. माझ्या सासऱ्यांना कंबरेसाठी सुया दिल्या होत्या तेव्हा मी शोधाशोध केली होती. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा वेगळा कायदा आहे, २०१५ चा, त्याखाली राज्याची ॲक्युपंक्चर परिषद आहे आणि तिथे नोंदणी असते. केंद्राने पण २०१९ ला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा अनु, सरळ विचार, तुमचा नोंदणी क्रमांक काय? खरा माणूस भिंतीकडे बोट दाखवतो, तिथे फ्रेम लटकत असते. दुसरा 'ताई, अनुभव महत्त्वाचा' म्हणतो. आमच्याकडे एकाने मॅग्नेट, सुजोक, ॲक्युप्रेशरच्या चपला, कपिंग आणि सुया सगळं एकाच बोर्डवर लिहिलं होतं, खाली वास्तुसल्ला पण मिळेल असं होतं.

---

डॉ_भूलवाले

मी भूलतज्ज्ञ, पेन क्लिनिक चालवतो. इकोस्प्रिन आणि शुगरचा प्रश्न राहिलाय म्हणून लिहितो.

नुसती इकोस्प्रिन चालू असेल तर गुडघ्यातल्या सुयांना सहसा अडचण नाही, फार तर निळा डाग पडेल, सुई काढल्यावर कापूस जरा जास्त वेळ दाबून धरायचा. वॉर्फरिनसारखं जोरदार रक्त पातळ करणारं औषध असतं तर मी आधी तुमच्या फिजिशियनला विचारा म्हटलं असतं. मात्र सुया घ्यायच्या म्हणून इकोस्प्रिन आपल्या मनाने बंद करायची नाही, हा उलटा उद्योग बरेच जण करतात.

शुगर असेल तर दोन गोष्टी. पावलात बधिरपणा आहे का ते बघा, असेल तर पावलावर सुया नकोत आणि शेक तर अजिबात नको. काही ठिकाणी मोक्सा म्हणून वाळलेल्या पाल्याची कांडी पेटवून बिंदूजवळ धरतात, खोलीभर वास येतो, छान वाटतं, पण बधिर पायाला चटका बसलेला कळत नाही आणि शुगरवाल्यांची ती जखम महिनोन्‌महिने पुरते. तोच प्रकार लाल दिव्याच्या शेकाचा. सुई टोचायच्या जागी खाज, पुरळ, जखम असेल तर त्या दिवशी सुट्टी.

पेसमेकर असेल तर मिलिंदनी लिहिलेली विजेची मशीन नको. आईंना नाहीये असं धरतो.

सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे, एकदा वापरून फेकायची. 'ह्या तुमच्याच नावाच्या डबीत ठेवतो, पुढच्या वेळी ह्याच' असं कुणी म्हणालं तर उठून या. सुया नीट निर्जंतुक न करता परत वापरल्याने कावीळ बी पसरल्याच्या घटना जगात झालेल्या आहेत. आणि काढताना मोजून काढतात का बघा, पांघरुणाखाली एखादी राहून जाते, हसू नका, होतं. पहिल्यांदा उपाशीपोटी जाऊ नये आणि झोपूनच घ्यावी, बसून घेतली की काहींना चक्कर येते.

गुडघ्याला जीवघेणं असं फारसं काही नाही, तिथे फुप्फुस नाही. मान, खांदा, पाठीच्या वरच्या भागात खोल सुई गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं, विरळा असलं तरी पडतं, म्हणून तिथे माणूस शिकलेलाच हवा. इंग्लंडमध्ये ३४ हजारांवर सिटिंगची पाहणी झाली होती, २००१ ला छापून आली, त्यात गंभीर असं काही घडलं नव्हतं. पण ते सगळे शिकलेले, संघटनेत नोंद असलेले लोक होते.

शुगर-बीपीच्या गोळ्या सोडवू म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नका. क्रिएटिनिन वाढलेल्या पेशंटची शुगर आणि बीपी सुटलं तर दुखणं गुडघ्यापुरतं राहणार नाही, डायलिसिसच्या रांगेत जाऊन बसाल. देवमाणूस असला तरी नाही.

---

विदर्भाची_माय

बाई मी काही शिकलेली नाही जास्त, पोरीनं मोबाईल दिला म्हणून लिवते. माझ्या दोन्ही गुडघ्यांले सुया झाल्या, वाटी बदलायची पण झाली एका पायाची. सुयांनं बरं वाटे, झोप लागे, खोटं कायले बोलू. पण मी पाच-सहा वर्षं त्यातच काढले, हे कर ते कर, आन् शेवटी पाय वाकडा झाला तवा ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणे आधी येता तर सोपं गेलं असतं. आता त्या पायानं शेतावर जातो. आईले सुया दे, पण ऑपरेशनचं भेव काढून टाक तिच्या मनातलं. ज्या बाईनं केलं तिच्याकडे घेऊन जाय, डॉक्टरापाशी नको नेऊ. बाईचं बाई ऐकते.

---

मिरजेची_अनु

अरे बापरे, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना मनापासून थँक्यू.

फिजिओदादा, मांडी टेपने मोजली, उजवी खरंच बारीक आहे, चांगलाच फरक आहे आणि आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं कारण नऊवारी. टॉवेलची गुंडाळी काल सुरू केली, आई म्हणते ह्याचे पैसे कोण घेतं, एवढं तर मीच केलं असतं. पूजेचं स्टूल ऐकून दोन तास बोलली नाही, नंतर स्वतःच भावाच्या खोलीतून मुढा ओढून आणला.

त्या सेंटरला फोन करून नोंदणी क्रमांक विचारला. आधी म्हणाले सर बिझी आहेत, मग म्हणाले सर्टिफिकेट चायनाचं आहे. विषय संपला. सांगलीत एक नोंदणीवाल्या डॉक्टर बाई सापडल्यात, त्या मूळच्या एमबीबीएस, पॅकेज वगैरे नाही, प्रत्येक वेळी त्या दिवसाचे पैसे. त्यांना फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाल्या पाच-सहा वेळा घेऊन बघू, जिना उतरताना फरक वाटला नाही तर मीच थांबवीन. पॅरासिटामॉल आणि बाकी गोळ्या चालू ठेवा, शुगरचा आणि किडनीचा रिपोर्ट घेऊन या म्हणाल्या.

एकच शंका राहिली, फरक पडला की नाही हे ठरवायचं कसं? आई समोर कोण बसलंय त्यावर उत्तर देते. मामी असली की खूप बरं आहे, मी असले की काही नाही गं.

---

फिजिओ_कोल्हापूर

हा चांगला प्रश्न विचारलात. 'बरं वाटतंय का' असं विचारूच नका. काम मोजा. खुर्चीत बसवा, हात छातीवर घडी करून, आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. हात न टेकता जमत नसेल तर शून्य लिहा, शून्य पण चालतं, पण शेजारी उभे राहा. सुया सुरू करण्याआधी एकदा आणि मग दर आठवड्याला त्याच खुर्चीवर, त्याच वेळेला. सोबत आठवड्यात पॅरासिटामॉलच्या किती गोळ्या लागल्या ते लिहा, स्ट्रिप तुमच्या ताब्यात ठेवून. मामींना ह्यातलं काही दाखवू नका.

---

पेठेतला_शंकासुर

ही वही महिन्याभराने इथे टाका अनुताई, सुयांच्या बाजूने निघाली तरी टाका. फक्त गुंडाळी आणि सुया एकाच आठवड्यात सुरू करू नका, नाहीतर मिलिंदराव सगळं श्रेय सुयांना देतील.

---

नेकारकाठचा_मिलिंद

आणि तुम्ही टॉवेलला.

---

मिरजेची_अनु

गुंडाळी सुरू झाली आहेच, सांगलीची अपॉइंटमेंट पंधरा दिवसांनी मिळालीय, त्यामुळे ते आपोआपच झालं. खुर्चीवरून आज चार वेळा उठली, पाचव्याला हात टेकले. लिहून ठेवलंय. विदर्भाच्या माय, आमच्या मागच्या गल्लीतल्या जोशीकाकूंचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय, रविवारी त्यांना चहाला बोलावलंय, आईला कारण सांगितलेलं नाही.